बचावफळीतील सज्जन

माद्रिदच्या सांतिआगो बेर्नाबेउ मैदानावर ११ जुलै १९८२ रोजी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना रंगात आला होता. इटलीचा संघ पश्चिम जर्मनीविरुद्ध एका गोलने आघाडीवर होता आणि अजून वीस-बावीस मिनिटांचा खेळ बाकी होता. अशा वेळी इटालियन संघ काय करतो, हे त्या काळच्या फुटबॉल रसिकांना सांगावे लागत नसे. सगळा संघ आपल्या गोलपुढे तटबंदी उभारतो, चेंडू मिळेल तिकडे भिरकावतो आणि घड्याळाकडे डोळे लावून बसतो. त्या संध्याकाळी मात्र निराळेच घडले. जर्मनीच्या पेनल्टी क्षेत्रात, उजव्या अंगाला, इटलीचे दोन खेळाडू अंगणात खेळावे तसे एकमेकांना चेंडू देत-घेत होते. आणि ते दोघेही बचावपटू होते. त्यांपैकी एक होता अठरा वर्षांचा ज्युसेप्पे बेर्गोमी. दुसरा गाएतानो शिरेआ. नियमाने ज्याची जागा सर्वांच्या मागे, थेट गोलरक्षकाच्या पुढ्यात, तो हा खेळाडू. शिरेआने मान वर करून पाहिले आणि धावत आलेल्या मार्को तार्देल्लीकडे चेंडू सरकवला. तार्देल्लीने डाव्या पायाने तो जाळ्यात धाडला.

पुढचे दृश्य जगभरच्या फुटबॉलवेड्यांना पाठ आहे. मुठी आवळून, मान हलवत, ओरडत धावत सुटलेला तार्देल्ली त्या विश्वचषकाचेच चित्र होऊन बसला. ज्याने तो चेंडू दिला, तो मात्र त्या चित्रात कोणाच्या लक्षात राहिला नाही. शिरेआच्या बाबतीत हे नेहमीच होत असे. त्याचे काम इतके स्वच्छ आणि बिनआवाजी होते की, ते झाले आहे हे प्रेक्षकाच्या ध्यानात येईपर्यंत खेळ पुढे सरकलेला असे.

गाएतानो शिरेआचा जन्म २५ मे १९५३ रोजी मिलानजवळच्या चेर्नुस्को सुल नाविल्यो या गावी झाला. वडील मूळचे सिसिलीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतून उत्तरेकडच्या कारखान्यांत कामासाठी जे लोंढे आले, त्यांतलेच हे एक कुटुंब होते. मुलाचे बालपण मिलानच्या उत्तरेला असलेल्या चिनिसेल्लो बाल्सामो या कामगारवस्तीच्या उपनगरात गेले आणि तिथल्याच एका लहानशा संघात तो फुटबॉल शिकला. तेव्हा तो बचावपटू नव्हता. पुढे खेळणारा, चेंडू पायाशी ठेवायला आवडणारा, पास देणारा असा तो मुलगा होता. बेर्गामो शहराच्या अटलांटा या क्लबने त्याला हेरले आणि आपल्या तरुण संघात घेतले. मध्यफळीतून त्याला हळूहळू मागे, थेट शेवटच्या ओळीत आणण्यात आले. पुढे खेळलेला माणूस मागे आणला की तो काय घेऊन येतो, याचे उत्तर इटलीला पुढची पंधरा वर्षे मिळत राहिले.

शिरेआने कोणता वारसा हाती घेतला आणि त्याचे काय केले, हे कळण्यासाठी इटालियन बचावाची रीत समजून घेणे भाग आहे. साठच्या दशकात इटलीने जगाला कातेनाच्चो दिले. हा शब्द दाराच्या अडसराचा. प्रत्येक प्रतिस्पर्धी आघाडीपटूमागे एकेक पहारेकरी लावायचा. तो सावलीसारखा मागे फिरणार, अंगाला अंग भिडवणार, वेळप्रसंगी जर्सी ओढणार आणि पायही घालणार. या पहारेकऱ्यांच्याही मागे एक जादा माणूस ठेवायचा. त्याच्यावर कोणा एकाची जबाबदारी नाही. पहारा फोडून जो कोणी आत येईल त्याला गाठायचे, सांडलेले सगळे झाडून काढायचे, हे त्याचे काम. इंग्रजीत त्याला स्वीपर म्हणतात, इटालियनमध्ये लिबेरो, म्हणजे मुक्त. हेलेनिओ हेरेरा यांच्या इंटर मिलानने १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोनदा युरोपियन करंडक जिंकले, तेव्हा त्या संघाचा लिबेरो आणि कर्णधार आर्मान्दो पिक्की होता. पिक्की उत्तम बचावपटू होता, पण त्याचे स्वातंत्र्य स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापुरते. मुक्त म्हटलेल्या या माणसाने मध्यरेषा ओलांडणे जवळपास निषिद्धच होते.

जर्मनीत फ्रान्झ बेकेनबाउरने ही चौकट मोडली. मागून चेंडू घेऊन पुढे निघणारा लिबेरो त्याने जगाला दाखवला. शिरेआची तुलना नेहमी त्याच्याशी केली जाते आणि ती योग्यच आहे. तरीही दोघांत फरक होता. बेकेनबाउर मैदानावर सम्राटासारखा वावरत असे, त्याला उपाधीही तीच मिळाली होती. शिरेआ पुढे जायचा तो जागा रिकामी दिसली म्हणून, आणि काम झाले की कोणाचे लक्ष जाण्याआधी मागे परतायचा.

अटलांटाकडून २४ सप्टेंबर १९७२ रोजी काल्यारीविरुद्ध त्याने पहिल्या श्रेणीत पदार्पण केले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि बचावपटूच्या पहिल्या सामन्यासाठी याहून समर्पक निकाल शोधून सापडला नसता. मोसमअखेर अटलांटाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. तिथे आणखी एक वर्ष काढून १९७४ मध्ये तो तुरिनच्या युव्हेंटस क्लबमध्ये दाखल झाला. युव्हेंटसला नेमक्या त्याच वेळी लिबेरो हवा होता, कारण ती जागा सांभाळणारा सांद्रो साल्वादोरे निवृत्त झाला होता. एकवीस वर्षांच्या पोराने ती जागा घेतली आणि पुढची चौदा वर्षे सोडली नाही. पहिल्याच मोसमात, १९७५ मध्ये, युव्हेंटस विजेता ठरला.

युव्हेंटस म्हणजे फियाट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याचा क्लब. शिस्त, कष्ट आणि फार न बोलणे ही तिथली रीत. १९७६ मध्ये प्रशिक्षक म्हणून जोव्हान्नी त्रापात्तोनी आले आणि पुढचे दशक इटालियन फुटबॉलवर या संघाची सत्ता राहिली. त्रापात्तोनींच्या पहिल्याच वर्षाची कथा सांगण्यासारखी आहे. सोळा संघांच्या साखळीत तीस सामने, आणि विजयाला दोन गुण, म्हणजे जास्तीत जास्त साठ गुण मिळू शकत. युव्हेंटसने त्यांतले ५१ मिळवले. त्याच शहरातला तोरिनो ५० गुणांवर राहिला. एका गुणाने विजेतेपद. त्याच १९७७ च्या मे महिन्यात अथलेटिक बिल्बाओला हरवून संघाने युएफा करंडकही जिंकला. घरी एक गोलने जिंकले, तिकडे २-१ असे हरले, परक्या मैदानावरच्या गोलने तारले. तेव्हा इटालियन क्लबना परदेशी खेळाडू नव्याने आणण्यास बंदी होती. त्यामुळे युव्हेंटसचे पहिले युरोपीय यश निव्वळ इटालियन खेळाडूंचे होते.

त्या बचावफळीत गोलरक्षक दिनो झॉफ, बाजूंना क्लाउदिओ जेंतिले आणि पुढे अंतोनिओ काब्रिनी, आणि या सर्वांमध्ये शिरेआ. जेंतिले या शब्दाचा इटालियन अर्थ सौम्य, सभ्य. ज्यांनी या जेंतिलेला १९८२ मध्ये मॅराडोनाच्या मागे लागलेले पाहिले आहे, त्यांना नियतीच्या विनोदबुद्धीची दाद द्यावीशी वाटेल. ते आडनाव खरे शोभले असते ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला. शिरेआ अंगावर जात नसे. त्याला जावे लागतच नसे. प्रतिस्पर्धी पास कुठे देणार, हे तो आधीच ओळखायचा आणि दोन पावले सरकून चेंडूच्या वाटेत उभा राहायचा. चेंडू मिळाला की तो लांब फेकून सुटकेचा निःश्वास टाकण्याची इटालियन सवयही त्याला नव्हती. बालपणी पुढे खेळल्याचे संस्कार तिथे दिसत. तो चेंडू पायाशी घेऊन मान वर करायचा आणि बचावाच्या त्याच क्षणी आक्रमणाला आरंभ व्हायचा. १९८२ नंतर मिशेल प्लातिनी संघात आल्यावर मागून येणाऱ्या या अचूक पासांना समजणारा जोडीदार त्याला मिळाला.

पंधरा-सोळा वर्षांच्या व्यावसायिक कारकिर्दीत शिरेआला एकदाही मैदानाबाहेर काढण्यात आले नाही, एकाही सामन्याचे निलंबन त्याच्यावर आले नाही. आघाडीपटूच्या बाबतीत हे कौतुकाचे ठरेल. इटालियन बचावपटूच्या बाबतीत ते जवळपास अविश्वसनीय आहे. जिथे वेळेवर केलेला फाऊल हा कौशल्याचा भाग मानला जात होता, आणि जिथे शेवटच्या माणसाची एक चूक म्हणजे गोल हे ठरलेले होते, तिथे त्या शेवटच्या माणसाने चौदा वर्षे हात न मळवता काम केले. त्या काळाकडेही जरा पाहावे. १९८० मध्ये सामन्यांच्या निकालांवरील बेकायदा पैजांचे प्रकरण उघडकीस आले, खेळाडूंना अटका झाल्या, मिलान आणि लाझिओ या क्लबना खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले आणि पाओलो रोस्सीला दोन वर्षे मैदानाबाहेर बसावे लागले. इटालियन फुटबॉलवरचा लोकांचा विश्वास तळाला गेला होता. अशा वेळी शिरेआसारखा खेळाडू संघात असणे ही त्या खेळाची गरज होती, असे मला वाटते. त्याच्या गुणांची यादी करताना ही बाब सहसा सुटते.

राष्ट्रीय संघात तो ३० डिसेंबर १९७५ रोजी ग्रीसविरुद्ध प्रथम खेळला. लवकरच संघाची सूत्रे एन्झो बेआरझोट यांच्याकडे आली. हे पाइप ओढणारे, पुस्तके वाचणारे, वृत्तपत्रांशी सतत खटके उडणारे गृहस्थ. इटलीने निव्वळ बचावावर जगू नये, असे त्यांचे मत होते, आणि ते मत मैदानावर उतरवायचे तर लिबेरो शिरेआसारखाच हवा होता. अर्जेंटिनात १९७८ च्या विश्वचषकात इटलीने यजमानांना त्यांच्याच घरी हरवले आणि चौथा क्रमांक मिळवला. १९८० मध्ये युरोपियन स्पर्धा इटलीतच झाली; तिथेही चौथाच क्रमांक.

१९८२ चा स्पेनमधला विश्वचषक सुरू झाला तो नामुष्कीने. पोलंड, पेरू आणि कॅमेरून यांच्याशी तीन बरोबरी. तीन सामन्यांत दोन गोल. केवळ अधिक गोल केले म्हणून कॅमेरूनला मागे टाकून इटली पुढच्या फेरीत गेली. मायदेशातल्या वृत्तपत्रांनी संघावर झोड उठवली, खेळाडूंच्या बक्षिसाच्या रकमांवरून आणि खाजगी आयुष्यावरून वाटेल ते छापले. खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणेच बंद केले. संघाच्या वतीने बोलायला नेमले कोणाला, तर चाळीस वर्षांच्या कर्णधार झॉफला, जो एरवीही मोजकेच शब्द बोलणारा म्हणून प्रसिद्ध होता!

झॉफ आणि शिरेआ यांची मैत्री हा इटालियन फुटबॉलमधला एक मूक अध्याय आहे. दोघे वर्षानुवर्षे एकाच खोलीत राहिले. वयात अकरा वर्षांचे अंतर होते, पण स्वभाव एकाच साच्यातले. सामन्याआधीच्या रात्री ज्याला झोप येत नसे, तो तार्देल्ली मध्यरात्री उठून त्यांच्या खोलीत जाऊन बसायचा. त्या खोलीला त्याने नाव ठेवले होते स्वित्झर्लंड. बाहेर कोणतेही युद्ध पेटलेले असो, तिथे शांतता असे.

बार्सिलोनात दुसऱ्या फेरीत अर्जेंटिनाला २-१ असे नमवले आणि ५ जुलैला ब्राझीलला ३-२. ज्या ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती आणि ज्याच्या मध्यफळीत झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ होते, त्या संघाविरुद्ध रोस्सीने तीन गोल केले. रोस्सीचे नाव त्या दिवशी इतिहासात गेले ते रास्तच आहे. पण तो सामना पुन्हा पाहताना नजर मुद्दाम मागच्या ओळीवर ठेवावी. कोल्लोवाती जखमी होऊन पूर्वार्धातच बाहेर गेला होता, त्याच्या जागी कोवळा बेर्गोमी आला होता, जेंतिले झिकोच्या मागे होता, आणि पिवळ्या जर्सींच्या लाटा एकामागून एक येत होत्या. अशा वेळी कोणाला पुढे पाठवायचे, कोणाची मोकळी झालेली बाजू झाकायची, हे सारे ज्याच्या इशाऱ्यावर चालले होते तो सात क्रमांकाच्या जर्सीतला शिरेआ घाईत असल्यासारखा एकदाही दिसत नाही.

उपांत्य फेरीत पोलंड, अंतिम सामन्यात जर्मनी. आरंभीच ग्राझियानी जायबंदी झाला, काब्रिनीने पेनल्टी बाहेर मारली, तरीही इटलीने ३-१ असा विजय मिळवला आणि ४४ वर्षांनी विश्वचषक घरी नेला. अंतिम सामन्याची सुरुवात करणाऱ्या अकरांपैकी सहा युव्हेंटसचे होते. त्या रात्री सारी इटली रस्त्यावर होती. झॉफने पुढे सांगितल्याप्रमाणे, तो आणि शिरेआ मात्र संघाबरोबरच्या जेवणानंतर खोलीत परतले आणि सिगारेट ओढत निवांत बसले.

क्लबमध्ये यशाचा ओघ चालूच होता. सात वेळा इटलीचे विजेतेपद, दोन वेळा इटालियन करंडक. १९८३ मध्ये अथेन्सला युरोपियन करंडकाच्या अंतिम सामन्यात हॅम्बुर्गच्या माघाटने मारलेल्या एका गोलने स्वप्न भंगले. पुढल्या वर्षी बासेल येथे पोर्तोला हरवून करंडकविजेत्यांचा करंडक मिळाला. कर्णधार फुरिनोनंतर दंडावरची पट्टी शिरेआकडे आली. युरोपियन करंडक तेवढा बाकी होता. तो मिळाला, पण ज्या रीतीने मिळाला, त्याबद्दल त्या संघातल्या कोणालाही पुढे मोकळेपणाने आनंद व्यक्त करता आला नाही.

२९ मे १९८५. ब्रुसेल्सचे हायसेल स्टेडियम. समोर लिव्हरपूल. सामना सुरू व्हायला अजून अवकाश होता. खिळखिळ्या झालेल्या त्या जुन्या मैदानात, तटस्थ प्रेक्षकांसाठी राखलेल्या पण प्रत्यक्षात इटालियन कुटुंबांनी भरलेल्या भागावर शेजारच्या इंग्लिश समर्थकांनी धाव घेतली. मधले कुंपण तकलादू होते आणि पोलीस अपुरे. लोक घाबरून दुसऱ्या टोकाला सरकले, तिथल्या भिंतीशी चेंगरले, आणि भिंत कोसळली. ३९ माणसे मेली. त्यांपैकी ३२ इटालियन. प्रेते मैदानाबाहेर तंबूत ठेवली जात होती आणि आत हजारो लोक, काहींना बातमी कळलेली, बहुतेकांना नाही, सामन्याची वाट पाहत होते. दुसऱ्या टोकाला असलेले युव्हेंटसचे कडवे समर्थक सूडासाठी उसळू पाहत होते.

सामना रद्द केला तर बाहेर रस्त्यांवर रक्तपात होईल, या भीतीने तो खेळवण्याचा निर्णय अधिकाऱ्यांनी घेतला. मग दोन्ही कर्णधारांना ध्वनिक्षेपकापाशी नेण्यात आले. लिव्हरपूलचा फिल नील इंग्लिशमध्ये बोलला. शिरेआने इटालियनमध्ये लोकांना शांत राहण्याचे, चिथावणीला उत्तर न देण्याचे आवाहन केले आणि पोलिसांना काम करता यावे म्हणून आपण खेळणार आहोत, असे सांगितले. भाषणाची सवय नसलेला, गर्दीपुढे संकोचणारा तो माणूस. त्याच्या शब्दांनी किती जीव वाचले, हे कोणी मोजू शकणार नाही. पण त्या संध्याकाळी त्या जमावाने ज्याचे ऐकले असते, असा युव्हेंटसमध्ये दुसरा कोणी असेल असे वाटत नाही. आयुष्यभर मैदानावर ज्याने कोणाला चिथावले नाही, त्यालाच चिथावणीला बळी पडू नका असे सांगण्याचा अधिकार होता.

सामना दीड तास उशिरा सुरू झाला. बोनिएकला पेनल्टी क्षेत्राबाहेर पाडण्यात आले होते, तरी पंचांनी पेनल्टी दिली, प्लातिनीने गोल केला आणि युव्हेंटसने १-० असा करंडक जिंकला. विजयानंतर खेळाडू करंडक घेऊन आपल्या समर्थकांसमोर गेले. त्यांना आतल्या अनर्थाची कितपत कल्पना होती, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. तो जल्लोष टाळायला हवा होता, हे आज म्हणणे सोपे आहे. आणि ते खरेही आहे. कर्णधार म्हणून त्या जबाबदारीचा वाटा शिरेआकडेही येतो, आणि त्याच्या चाहत्यांनी तो नाकारू नये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टोकियोत अर्जेंटिनोस ज्युनिअर्सला पेनल्टींवर हरवून युव्हेंटसने आंतरखंडीय करंडकही मिळवला. त्या काळी क्लब फुटबॉलमध्ये जिंकण्यासारखे जेवढे होते, तेवढे सगळे आता शिरेआच्या नावावर झाले होते.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात तो इटलीचा कर्णधार होता. तेहतीस वर्षांचा. पाय पूर्वीसारखे साथ देत नव्हते. अर्जेंटिनाविरुद्धच्या बरोबरीत मॅराडोनाने त्याच्या पुढे निसटून गोल केला, तेव्हा एक पिढी संपल्याची जाणीव झाली. १७ जून रोजी फ्रान्सने इटलीला २-० असे हरवले; पहिला गोल त्याच्या युव्हेंटसच्या सोबत्याचा, प्लातिनीचा. राष्ट्रीय संघासाठीचा तो त्याचा ७८ वा आणि शेवटचा सामना ठरला. फ्रँको बारेसीसारखा असामान्य लिबेरो १९८२ चा संपूर्ण विश्वचषक बाकावर बसून होता, आणि शिरेआ थांबेपर्यंत राष्ट्रीय संघातली ती जागा त्याला मिळाली नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

१९८७ मध्ये युव्हेंटसने त्याच्या जागी रोबेर्तो त्रिचेल्ला या लिबेरोला आणले. योगायोग असा की, तोही चेर्नुस्को सुल नाविल्योचाच. १९८८ मध्ये शिरेआ निवृत्त झाला. सर्व स्पर्धा मिळून युव्हेंटससाठी ५५२ सामने आणि ३२ गोल. नेमक्या त्याच मोसमात आरिगो साक्कींच्या मिलानने विजेतेपद मिळवले. त्या संघात मागे जादा माणूस नव्हता; चौघे बचावपटू एका सरळ रेषेत उभे राहून एकदम पुढे सरकत आणि प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइड पकडत. काही वर्षांत सगळ्या युरोपने ती रीत उचलली. शिरेआ गेला आणि त्याच्या मागोमाग लिबेरो ही जागाच फुटबॉलमधून नाहीशी झाली.

निवृत्तीनंतरही तो क्लबमध्येच राहिला. झॉफ युव्हेंटसचा प्रशिक्षक झाला होता आणि त्याने सहायक म्हणून आपल्या जुन्या सोबत्याला घेतले. १९८९-९० च्या युएफा करंडकात पहिल्याच फेरीत युव्हेंटसची गाठ पोलंडच्या गुर्निक झाब्झे या संघाशी पडली. प्रतिस्पर्ध्याचा खेळ पाहून यावा म्हणून शिरेआ पोलंडला गेला.

पोलंडमध्ये तेव्हा साम्यवादी राजवट कोसळत होती. दुकाने रिकामी होती आणि पेट्रोल मिळण्याची शाश्वती नव्हती. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघणारे लोक पेट्रोलचे डबे गाडीत ठेवत. ३ सप्टेंबर १९८९, रविवार. विमान पकडण्यासाठी शिरेआ मोटारीने वॉर्साकडे निघाला. मोटार फियाटच्या परवान्याने पोलंडमध्ये तयार झालेली, १२५ या बनावटीची. बाब्स्क गावाजवळ तिची एका मालमोटारीशी टक्कर झाली आणि मागे ठेवलेल्या पेट्रोलने पेट घेतला. शिरेआ, चालक आणि दुभाषा यांचा जागीच अंत झाला. चौथा प्रवासी तेवढा वाचला. शिरेआचे वय ३६ होते. घरी पत्नी मारिएल्ला आणि मुलगा रिकार्दो होते.

त्या रात्री इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर रविवारचा खेळांचा लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. निवेदक सांद्रो चोत्ती यांनी ती बातमी दिली. स्टुडिओत पाहुणा म्हणून तार्देल्ली बसला होता. तो उठला आणि निघून गेला.

नऊ दिवसांनी झाब्झे येथे युव्हेंटसने सामना जिंकला, परतीचा सामनाही जिंकला आणि मोसमअखेर युएफा करंडकासह इटालियन करंडकही मिळवला. तरीही १९९० मध्ये क्लबने झॉफला निरोप दिला. त्या वर्षाविषयी झॉफ नंतर बोलला तेव्हा करंडकांपेक्षा शिरेआच्या जाण्याबद्दलच अधिक बोलला.

युव्हेंटससाठी सर्वाधिक सामन्यांचा शिरेआचा विक्रम जवळपास वीस वर्षे टिकला. एप्रिल २००८ मध्ये आलेस्सान्द्रो देल पिएरोने तो मोडला. चिनिसेल्लो बाल्सामोच्या मैदानाला शिरेआचे नाव आहे, आणि निष्कलंक कारकिर्दीसाठी इटालियन खेळाडूंना दिला जाणारा पुरस्कारही १९९२ पासून त्याच्या नावाने दिला जातो. तुरिनमध्ये २०११ साली युव्हेंटसचे नवे स्टेडियम उभे राहिले. कडवे समर्थक ज्या दक्षिण गॅलरीत उभे राहून आरडाओरडा करतात, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या स्टेडियमकडे नेणारा रस्ता आहे कोर्सो गाएतानो शिरेआ. पाहुण्या संघाच्या समर्थकांनाही सामन्याला याच पत्त्यावर यावे लागते.